होलोकॉस्ट स्मारकांवरच्या वागणुकीवर माहितीपट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत शिकणारे किंवा एक्सचेंजवर काही आठवड्यांसाठी जाणारे मराठी विद्यार्थी हा विषय पुन्हा पुन्हा निवडतात. होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाच्या, स्मारकात कुणी सेल्फी काढतं, कुणी उड्या मारतं, कुणी डबा उघडतं, कुणी गप्प उभं राहतं, आणि यावर फिल्म करायची असते. प्रश्नही तेच तेच येतात. उत्तरं मुख्यतः बर्लिन धरून दिली आहेत. पोलंड किंवा हंगेरीत नियम वेगळे असतील तिथे तसं लिहिलं आहे.

१. सगळी होलोकॉस्ट स्मारकं सारखीच ना? कुठलंही एक निवडलं तर चालेल?

नाही, आणि फिल्म फसते ती बहुतेक वेळा इथेच. बर्लिनमधलं युरोपातल्या हत्या झालेल्या ज्यूंचं स्मारक शहराच्या मध्यात, ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ आहे. मे २००५मध्ये ते खुलं झालं. सुमारे १९,००० चौरस मीटरवर काँक्रीटचे २,७११ ठोकळे उभे आहेत. त्या जागी कुणाला मारलं नाही, कुणाला पुरलं नाही. जर्मनीतल्या साक्सेनहाउझेन, डाखाउ आणि पोलंडमधली आउशवित्झ या मात्र नाझींच्या खऱ्या छळछावण्या. आउशवित्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातले जवळजवळ १० लाख ज्यू. तिथल्या मातीत राख आहे. तिसरा प्रकार रोजच्या रस्त्यातल्या खुणांचा (प्रश्न १५ पाहा).

बर्लिनच्या ठोकळ्यावर बसून सँडविच खाणं आणि आउशवित्झच्याच बिर्केनाउ भागातल्या रुळांवर तोल सांभाळत चालणं ही दोन दृश्यं एकामागे एक जोडली, की प्रेक्षकाला दोन्ही एकाच मापाची वाटतात. पहिली फिल्म असेल तर एकच जागा घ्या. दोन घेतल्या तर दोन्हींतला फरक हाच फिल्मचा विषय होऊ द्या.

२. बर्लिनच्या स्मारकात नेमकी कशाला बंदी आहे?

ठोकळ्यांमधून फक्त पायी आणि सावकाश चालायचं. आरडाओरडा, एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उडी, कुत्री, सायकली, धूम्रपान आणि मद्यपान यांना मनाई आहे. यादीत सेल्फीचा उल्लेखच नाही. त्यामुळे निवेदनात ‘नियम मोडून सेल्फी काढणारे पर्यटक’ असं लिहिलंत तर ती चूक ठरेल.

ठोकळ्यांचं मैदान २४ तास खुलं असतं. त्याखालचं माहिती केंद्र सोमवारी बंद असतं. अनेक पर्यटकांना हे केंद्र आहे याचाच पत्ता नसतो. वर लोक कसे वागतात याचं एक साधं कारण तिथेच सापडतं.

३. मग सेल्फी काढणं चूक की बरोबर? फिल्मने बाजू घ्यावी का?

जाणकारांचंच यावर एकमत नाही. जानेवारी २०१७मध्ये शहाक शपिरा या बर्लिनस्थित लेखकाने ‘योलोकॉस्ट’ नावाचं संकेतस्थळ काढलं. समाजमाध्यमांवरून या स्मारकातल्या १२ सेल्फी उचलून त्याने त्यातली माणसं छावण्यांतल्या प्रेतांच्या छायाचित्रांवर चिकटवली. फोटोतल्या सर्व बाराजणांपर्यंत ते पोचलं आणि काही दिवसांतच त्याने ते उतरवलं. स्मारकाचे वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन यांना मात्र हा प्रकार पटला नव्हता. ही दफनभूमी नाही, इथे मुलं धावणार, लोक बसणार, असं त्यांचं म्हणणं.

आउशवित्झ संग्रहालयाचा सूर वेगळा आहे. रुळांवर कसरत करणाऱ्यांचे फोटो दाखवून त्यांनी मार्च २०१९मध्ये लोकांना जाहीरपणे समज दिली होती. फोटो काढू नका असं मात्र ते म्हणाले नव्हते.

बाजू घ्यायला आमची हरकत नाही. पण ती चित्रीकरण संपल्यावर, एडिटिंगच्या टेबलावर घ्या. आधीच ठरवून गेलात तर कॅमेरा फक्त बेशिस्त शोधत फिरतो आणि ४० मिनिटं गप्प उभी राहिलेली बाई तुमच्या फुटेजमध्ये येतच नाही.

४. मोबाइलवर शूट केलं तर परवानगी लागत नाही, असं ऐकलं. खरं का?

अर्धंच खरं. पर्यटक म्हणून स्वतःसाठी व्हिडिओ घेणं वेगळं आणि महोत्सवात किंवा यूट्यूबवर जाणारी फिल्म वेगळी. उपकरण कुठलं आहे यापेक्षा फुटेज कशासाठी वापरणार ते महत्त्वाचं.

इमारती, पुतळे, स्मारकं यांसाठी जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ५९ची सवलत आहे. सार्वजनिक रस्त्यावरून कायम दिसणाऱ्या कलाकृतीचं चित्रण करता येतं. म्हणजे एबर्टश्ट्रास किंवा कोरा-बर्लिनर-श्ट्रासच्या फुटपाथवरून ठोकळे टिपायला हरकत नाही. आत शिरलात की जागेची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानचे नियम लागतात. त्यांना ईमेल करा: कॉलेजचं पत्र, एक पानाचा विषय, तारखा आणि वेळा, माणसं किती, सामान काय, फिल्म कुठे दाखवणार. निदान चार-पाच आठवडे आधी पाठवा. जर्मन कार्यालयं उत्तर देतात, पण घाई करत नाहीत. उत्तराची छापील प्रत खिशात ठेवा. ‘फोनमध्ये आहे’ म्हणत स्क्रोल करत बसलात तर सुरक्षारक्षकाचा धीर सुटतो.

फिल्ममधली माणसं हा वेगळाच मामला आहे. स्मारकाची परवानगी मिळाली म्हणजे माणसांची मिळाली असं होत नाही (प्रश्न ६).

५. आउशवित्झमध्ये चित्रीकरण करता येतं का?

स्वतःसाठी फोटो काढता येतात, पण इमारतींच्या आत फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही. दोन ठिकाणी छायाचित्रण पूर्ण बंद आहे: ब्लॉक ४मधलं बळींच्या केसांचं दालन आणि ब्लॉक ११चं तळघर. माहितीपटासाठी संग्रहालयाकडे आधी वेगळा अर्ज करावा लागतो. गटाबरोबर आलो आहोत, होऊन जाईल, असं समजून जाऊ नका. प्रवेशिका ऑनलाइन आणि नावानिशी घ्यायची असते आणि दारात ओळखपत्र बघतात. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, तेव्हा कॅमेऱ्याच्या सॅकचं काय करायचं ते जवळच्या क्राकूव शहरातच ठरवा.

मुख्य छावणी आणि बिर्केनाउ यांत सुमारे ३ किलोमीटर अंतर आहे आणि मध्ये बस चालते. एका दिवसात दोन्हीकडे शूट करायचा बेत आखलात तर कुठलंच धड होत नाही.

६. मुलं ठोकळ्यांवरून उड्या मारतानाचा भन्नाट शॉट मिळालाय, चेहरे स्पष्ट आहेत. वापरू का?

विचारल्याशिवाय नको. जर्मनीत १९०७पासूनच्या कायद्यानुसार (कलम २२) ओळखू येणाऱ्या माणसाचं चित्र त्याच्या संमतीविना प्रसारित करता येत नाही. कलम २३मध्ये अपवाद आहेत. विद्यार्थी त्यातला एक धरून बसतात: माणूस निसर्गदृश्यात किंवा एखाद्या जागेच्या चित्रात निव्वळ ‘जाता जाता’ आलेला असेल तर संमती लागत नाही. हा अपवाद तुमच्या कामाचा नाही. तुमच्या फिल्मचा विषयच त्या माणसाचं वागणं आहे. तो जागेला पूरक नाही, जागा त्याला पूरक झाली आहे. स्मारकाच्या लांबच्या शॉटमध्ये ३० माणसं मुंग्यांसारखी दिसत असतील तर गोष्ट वेगळी.

शिवाय युरोपचा डेटा-संरक्षण नियम मे २०१८पासून लागू आहे. पत्रकारिता आणि कलेला त्यात सवलत आहे, पण तिचा तपशील देशागणिक बदलतो.

पोलंडमध्येही चित्र प्रसिद्ध करायला संमती लागते आणि गर्दी-निसर्गदृश्याचा तसाच अपवाद आहे. हंगेरी आणखी कडक: २०१४च्या नागरी संहितेनुसार फोटो नुसता काढायलासुद्धा संमती हवी.

चेहरा ब्लर केला की सुटलो, असंही नाही. आवाज, टॅटू, लाल टोपी आणि सोबतची मैत्रीण एवढ्यावरून गाववाले माणूस ओळखतात.

७. चेहरे नाहीत, तर वागणूक दाखवायची कशी?

बर्लिनमध्ये हे जमतं, कारण जागाच मदत करते. ठोकळ्यांमधल्या वाटा जेमतेम ९५ सेंटिमीटर रुंद आहेत, दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत. ठोकळे कडेला जमिनीलगत आणि मध्ये ४.७ मीटरपर्यंत उंच. माणूस एका फटीत दिसतो आणि दिसेनासा होतो. त्यामुळे हे शॉट घ्या: कडेवरून ८५ मिमीच्या आसपासच्या लेन्सने एकाच फटीवर लावलेला स्थिर शॉट, किमान १० मिनिटं न हलवता, गुडघ्याखालची फ्रेम, ज्यात बूट, ट्रॉली बॅग, धावणारी पावलं येतात, पाठमोरी माणसं, ठोकळ्यावर ठेवलेला कॉफीचा कप, सेल्फीसाठी पुढे आलेला हात, मोबाइलचा पडदा फोकसबाहेर.

कॅमेरा चालू करण्याआधी दोन दिवस नुसती वही घेऊन बसा. चार रकान्यांत वेळ, कृती, किती सेकंद आणि रक्षकाने टोकलं की नाही ते लिहा. सकाळी आठ, दुपारी एक आणि सूर्यास्ताच्या सुमारास जागा पूर्ण वेगळी असते. ‘इथे सगळे सेल्फीच काढतात’ हे वाक्य वहीतल्या आकड्यांपुढे बहुधा टिकत नाही, आणि मग निवेदन आपोआप सुधारतं.

प्रकाशाची एक अडचण: वर उघडं आकाश आणि वाटेत गडद सावली. एक्सपोजर ठोकळ्याच्या करड्या पृष्ठभागावर लॉक करा, नाहीतर माणूस सावलीतून बाहेर आला की ऑटो-एक्सपोजर एकदम वर-खाली होतं. जमीन लाटेसारखी चढउतार असल्याने मोनोपॉड बरा.

८. लोक आपापसात काय बोलतात ते लांबून रेकॉर्ड करावं का? फार मसाला मिळेल.

करू नका. खासगीत बोललेले शब्द परवानगीविना ध्वनिमुद्रित करणं जर्मनीत दंडसंहितेच्या कलम २०१खाली गुन्हा आहे. चित्रापेक्षा हे जास्त गंभीर आहे, कारण इथे मुद्रण हाच गुन्हा. फिल्म कधीच दाखवली नाही तरीसुद्धा. शॉटगन माइक दूरवर रोखून फटीतलं बोलणं पकडणं त्यातच येतं. छुपा माइक लावून स्वतः गप्पा मारायला जाणंही त्यातच.

वातावरणाचा आवाज वेगळा घ्या: पावलं, वारा, एबर्टश्ट्रासची वाहतूक आत जाताना कशी विरत जाते ते. याची १५ मिनिटं अलग फाइल असू द्या. माइकवर केसाळ वाराकव्हर हवंच, साधा फोम तिथे पुरत नाही.

९. मुलाखतीला लोक तयारच होत नाहीत. कसं विचारायचं?

बहुतेक वेळा पहिलंच वाक्य चुकतं. ‘होलोकॉस्ट स्मारकात सेल्फी काढण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं नुकताच सेल्फी काढलेल्या माणसाला विचारलं की त्याला आपण पकडले गेलो असं वाटतं. मग तो निघून तरी जातो किंवा पाठ केल्यासारखं पश्चात्तापाचं बोलतो. दोन्ही निरुपयोगी.

माणूस मैदानाबाहेर आल्यावर, कॅमेरा खाली ठेवून जा. आधी ओळख, कॉलेजचं नाव आणि विषय खरा सांगा. ‘आर्किटेक्चरवर फिल्म आहे’ अशी थाप मारलीत तर मिळालेली संमती फोल ठरते. मग सोपे प्रश्न: इथे कसं येणं झालं? आत काय केलंत? कुठला फोटो काढलात, दाखवाल का? तो कुणाला पाठवणार? स्वतःचा फोटो दाखवताना माणसं मोकळी बोलतात. आजीला पाठवायला काढला, असंही उत्तर येतं, आणि फिल्म तिथे जागी होते.

रडणाऱ्या किंवा प्रार्थना करणाऱ्या माणसाकडे जाऊच नका, नंतरसुद्धा नाही.

१०. संमतीपत्रात काय हवं?

एक पान, जर्मन आणि इंग्रजीत (पोलंडला जाणार असाल तर पोलिशही). त्यात नाव, तारीख, जागा, फिल्मचं तात्पुरतं नाव, विषय एका प्रामाणिक वाक्यात, कुठे दाखवणार (कॉलेज, महोत्सव, इंटरनेट, प्रत्येकासाठी वेगळी चौकट), संपर्काचा ईमेल. शिवाय कॅमेऱ्यासमोर त्याच गोष्टी तोंडी वदवून घ्या. कागद हरवतो, क्लिप राहते. क्लिपचा नंबर कागदावर लिहिला नाहीत तर तीन महिन्यांनी निळ्या जॅकेटवाला कोण ते कुणालाच सांगता येणार नाही.

११. शाळेच्या सहली भरपूर येतात. मुलांचं काय?

सोडून द्या. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती लागते, आणि साधारण १४ वर्षांपुढे मुलाची स्वतःचीही. सोबतच्या शिक्षकाची परवानगी पालकांच्या ऐवजी चालत नाही. सहल आली की कॅमेरा बंद करून चहा प्या.

१२. भारतातून सामान नेताना काय अडतं?

बॅटऱ्या हातातल्या सामानातच. १०० वॉट-तासापर्यंतच्या चालतात. १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते आणि अशा दोनच नेता येतात. त्यावरच्या नाहीत. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. टोकांना चिकटपट्टी लावा.

निघताना विमानतळावर कस्टमकडून कॅमेरा-लेन्सच्या सीरियल नंबरसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परत येताना ‘हा तिकडे घेतला का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं. हे काउंटर चेक-इनच्या आधी गाठायचं, कारण सामान पट्ट्यावर गेलं की दाखवणार काय?

वीज तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, तेव्हा २५ फ्रेम आणि १/५० शटर तसंच ठेवा. फक्त आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही. वायरलेस माइक २.४ गिगाहर्ट्झचा किंवा ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झचा न्या. इतर पट्ट्यांवर तिकडे परवाना लागू शकतो.

४के, १०० मेगाबिट वेगाने तासाला ४५ जीबी होतात. दिवसाला चार तास धरले तर १८० जीबी, आणि दोन प्रती दोन वेगळ्या बॅगांत.

१३. ड्रोनने वरून ठोकळ्यांची जाळी फार सुंदर दिसेल ना?

दिसेल, पण विसरा. राइशटाग या जर्मन संसदेच्या इमारतीभोवती ३ सागरी मैलांच्या परिघात उड्डाणबंदीचं क्षेत्र आहे आणि स्मारक त्याच्या पोटात येतं. आउशवित्झवरही ड्रोन चालत नाही.

१४. दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा केली, पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक आहे. अडचण येईल का?

येऊ शकते, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक कायद्याने नाझी चिन्ह ठरत नाही. पण होलोकॉस्ट स्मारकाच्या दारात लाल स्वस्तिकाची काळी पेटी पाहून रक्षक आधी थांबवणारच, आणि समोरच्या गटात कुणाचे पणजोबा छावणीत मेलेले असतील. तिथे फरक समजावून सांगत बसायची वेळ आणू नका. निघण्याआधी पुसून टाका. गळ्यातलं लॉकेट, मोबाइलचं कव्हर, गाडीच्या किल्लीचा छल्ला, आईने बॅगेत टाकलेली स्टिकरं, सगळं एकदा तपासा. ॐ किंवा श्री असलं तर कुणाचं लक्षही जात नाही.

१५. स्मारकात परवानगी मिळाली नाही. फिल्म बुडाली का?

मुळीच नाही. रस्त्यातल्या खुणा बघा. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात सुरू केलेले ‘ठेचेचे दगड’ म्हणजे नाझींच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फुटपाथमध्ये बसवलेले, वर पितळी पत्रा असलेले, साधारण १० सेंटिमीटरचे चौकोनी दगड. २०२३मध्ये त्यांची संख्या १ लाखावर गेली. लोक त्यांवरून चालतात, कुत्रं फिरवतात, आणि कुणीतरी वाकून पितळ घासून चकचकीत करतं. वागणुकीचा याहून नेमका शॉट शोधून सापडणार नाही, आणि पाय व हात एवढ्यावरच भागतं. (म्युनिकमध्ये मात्र सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू देत नाहीत. त्या वादावर वेगळी फिल्म होईल.)

बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकाच्या १७ नंबर फलाटावर १८६ पोलादी पट्ट्यांवर ज्यूंना हद्दपार करणाऱ्या एकेका गाडीची तारीख, माणसांची संख्या आणि ठिकाण कोरलेलं आहे. गर्दी नसते. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावर, तिथे गोळ्या घालून मारलेल्या ज्यूंच्या आठवणीसाठी, ६० जोड लोखंडी बूट आहेत. तिथे लोक त्यात पाय घालून फोटो काढतात आणि मेणबत्त्याही लावतात. हंगेरीच्या संमतीबद्दल प्रश्न ६ वाचून जा.

१६. निवेदनात ‘पोलिश छळछावणी’ म्हटलं तर चालेल ना? ती पोलंडमध्येच आहे.

म्हणू नका. ‘नाझी जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमधली छावणी’ म्हणा. युनेस्कोच्या यादीतलं नावसुद्धा २००७मध्ये बदलून त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द घातले गेले. पोलंडमध्ये हा अतिशय हळवा मुद्दा आहे आणि या एका शब्दावरून मुलाखत मध्येच थांबू शकते.

१७. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा धागा जोडला तर फिल्मला मराठी नातं मिळेल?

नातं खरं आहे, पण या फिल्मशी नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बहुतेक सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले पोलिश कुटुंबातले होते. त्यांना होलोकॉस्टमधून वाचलेले म्हणणं चुकीचं आहे, आणि पोलंडमधला प्रेक्षक ती चूक तत्काळ पकडेल. वॉर्सात कोल्हापूर स्मारक आहे. तिथे लोक कसे वागतात यावर स्वतंत्र लघुपट करा, हवं तर.

१८. मुलाखत दिलेली व्यक्ती फिल्म झाल्यावर ‘माझं काढून टाका’ म्हणाली तर?

डेटा-संरक्षण नियमाखालची संमती कधीही मागे घेता येते. मागे घेण्याआधी जे दाखवलं ते बेकायदा ठरत नाही, पण पुढे दाखवताना प्रश्न येतो. म्हणून संमतीपत्राचा मसुदा कॉलेजच्या जाणकाराकडून तपासून घ्या आणि एडिट करताना कुठलाही एक माणूस फिल्मचा एकमेव खांब होणार नाही असं बघा. एडिटची प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा. नुसती तयार फिल्म हातात असेल तर ४० सेकंद काढताना संगीत तुटतं.

१९. आमच्या कॅमेऱ्यासमोर कुणी नाझी सलाम ठोकला, तर?

हा जर्मनीत गुन्हा आहे, चेष्टेत केला तरी. ऑगस्ट २०१७मध्ये राइशटागसमोर असा फोटो काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि प्रत्येकी ५०० युरोंच्या जामिनावर सोडलं. जानेवारी २०२२मध्ये आउशवित्झच्या दारात हेच करणाऱ्या एका डच पर्यटक महिलेला दंड झाला.

त्याला पुन्हा करायला सांगू नका, हसू नका, वाद घालू नका. रेकॉर्डिंग चालू असेल तर राहू द्या, रक्षकाला सांगा, तो नसेल तर ११० क्रमांकावर पोलिसांना. पोलिसांनी मागितली तर मूळ फाइलची प्रत द्या, कार्ड देऊ नका. कार्डच हवं म्हणाले तर त्याची लेखी पोच घ्या. फिल्ममध्ये असं दृश्य माहिती देण्यासाठी किंवा कलेच्या संदर्भात दाखवायला कायद्यात जागा आहे. पोस्टरवर, थंबनेलवर किंवा ट्रेलरच्या पहिल्या फ्रेमवर संदर्भच उरत नाही, म्हणून तिथे ते नको. आणि चेहऱ्याचा नियम याही माणसाला लागू आहे (प्रश्न ६).